जुन्या घरात हॉट-कोल्ड इन्व्हर्टर एसी, ११ महिने वापरल्यावर

एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खी थंडी काढली, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या असत्या, त्यामुळे थांबलो ते बरंच झालं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जी काय भानगड झाली त्यात मशीनचा हात फार थोडा होता, दुसऱ्या कंपनीचं घेतलं असतं तरी हेच झालं असतं.

आधी घर सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आजोबांच्या वेळचं घर, दगडी भिंती दीड-दोन फूट जाड, खाली दोन खोल्या, वर एक लांबलचक खोली, तिच्या डोक्यावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर थेट पत्रा, बाकी काही नाही. छत उंच, १२ फुटाच्या आसपास. खिडक्या लाकडी, एकेरी काचेच्या, आणि इतक्या सैल की वारा सुटला की आपोआप टाळ्या वाजवतात. उन्हाळ्यात वर भट्टी, थंडीत खाली शीतपेटी, असं हे घर. वर दीड टनाचा बसवला आणि खाली आईच्या खोलीत एक टनाचा, दोन्ही गार आणि गरम करणारे, आणि इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने चालणारे.

(टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे, हे मलाही तेव्हाच कळलं. एक टन बर्फ, तोही अमेरिकन टन म्हणजे साधारण ९०७ किलो, २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी ओढायची ताकद, म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) किंवा साडेतीन किलोवॅटच्या आसपास.)

तर उन्हाळा. वरच्या खोलीत रिमोटवर १८, तोंडावर गार झोत, आणि तरी माणूस घामाघूम. टेक्निशियन तीनदा आला, गॅस बघितला, प्रेशर बघितलं, जाळीतून निघणारी हवा मोजली, १२-१३ डिग्री, म्हणजे मशीन एकदम ठणठणीत. तिसऱ्या वेळी तो थोडा चिडूनच म्हणाला, "साहेब, मशीनमध्ये काही नाही, तुम्हाला दोन टनाचा घ्यायला पाहिजे होता." मी जवळजवळ घेतलाच होता. नशीब की मेव्हण्याकडे ती लेझरवाली टेंपरेचर गन होती. टेबलावरचा साधा थर्मामीटर २५ दाखवत होता, आणि गन फळ्यांवर धरली तर ४३! पश्चिमेकडची भिंत ३४. म्हणजे मी एका मोठ्या तव्याखाली बसलो होतो आणि तवा तसाच ठेवून हवा गार करत होतो.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते, म्हणून जरा लांबण लावतो. आपल्याला गरम किंवा गार वाटतं ते फक्त हवेमुळे नाही. आजूबाजूची छत, भिंत, काच जेवढी तापलेली किंवा गारठलेली असेल तिच्याशी आपलं अंग सतत उष्णतेची देवाणघेवाण करत असतं, मधली हवा कशीही असो. वारा फारसा नसेल तर ढोबळमानाने हवेचं तापमान आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान यांची सरासरी आपल्याला जाणवते असं धरा. एसी हवा गार करतो, छत नाही, म्हणजे करतो, पण वरून ऊन पडतंच आहे तोवर ती लढाई हरलेलीच. नवीन फ्लॅटमध्ये हे कळत नाही कारण वर दुसऱ्याचा फ्लॅट असतो. जुन्या घरात रिमोटवरच्या आकड्यावर विश्वास ठेवूच नका, गन घ्या, नाहीतर सरळ हाताचा तळवा भिंतीला लावून बघा. फक्त गन चकचकीत पत्र्यावर किंवा धातूवर धरू नका, चुकीचा आकडा येतो, तिथे काळी टेप चिकटवून टेपवर मोजायचं.

मग दोन टनाचा विचार सोडला आणि छताला हात घातला. आधी पत्र्याची गळती बंद केली (हे आधीच करा, रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडाची लोकर, भिजलं की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो), मग फळ्यांच्या खालून फ्रेम मारून १०० मिमी रॉकवूल आणि त्याखाली फॉल्स सीलिंग. रॉकवूल आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला जागा ठेवली आणि दोन टोकांना जाळ्या बसवल्या. आठवडाभर घरभर धूळ, बायको माहेरी जायच्या गोष्टी करायला लागली, पण काम झाल्यावर तशाच रणरणत्या दुपारी छत ३०. मशीन तेच, दीड टनच! आता २६ वर ठेवतो, वर पंखा एक नंबरवर, आणि मस्त. पंख्याने हवा गार होत नाही पण अंगावरचा घाम उडतो, त्यामुळे दोनेक डिग्री जास्तवर सेट केलं तरी चालतं.

आणि बरं झालं मोठा घेतला नाही. गरजेपेक्षा मोठा एसी हवा पटकन गार करतो आणि पटकन मंद होतो, मग हवेतला दमटपणा काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही, खोली गार पण चिकचिकीत राहते. गंमत म्हणजे एसीचा जन्मच मुळात दमटपणापायी झाला, १९०२ मध्ये विलिस कॅरियरने पहिली यंत्रणा आखली ती माणसांसाठी नव्हे, ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, तिथे दमट हवेने कागद कमीजास्त व्हायचा आणि रंगीत छपाईचे रंग जुळायचे नाहीत.

भिंतींचं मात्र वेगळं गणित. जाड दगडी भिंत तापायला वेळ घेते, दुपारची उष्णता आत यायला रात्र होते. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात मला कळेचना की संध्याकाळी सातला बरं वाटतं आणि रात्री अकराला परत का उकडतं. आता रात्री उशिरा, बाहेर आतल्यापेक्षा गार झालं की खिडक्या सताड उघडायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करून टाकायच्या. फुकटचा उपाय, पण रोज उठून करावा लागतो, आणि जिथे रात्री गारवाच पडत नाही किंवा हवा फार दमट असते तिथे याचा फार उपयोग नाही.

आता थंडी. इथे मशीनने खरंच खूश केलं. आधी दोन हजार वॉटचा ब्लोअर होता, त्यात एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता, त्यापलीकडे विषय नाही. हॉट-कोल्डवाला म्हणजे हीट पंप, तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली ओढून आत आणतो, त्यामुळे बऱ्या हवामानात एका युनिटमागे तीन युनिटच्या आसपास उष्णता मिळते. जसजशी बाहेर थंडी वाढते तसतसं हे कमी होतं, हे पण लक्षात ठेवा, घेताना कमी तापमानाला मशीन किती उष्णता देतं तो आकडा विचारा, नुसता बॉक्सवरचा मोठा आकडा नको.

पण वापरायची पद्धत शिकावी लागली. पहिल्या थंडीच्या पहाटे शेजारच्या काकूंनी खालून हाक मारली, "अरे, तुमच्या मशीनमधून धूर येतोय!" मी उघड्या पायाने पळालो, मेन स्विच पाडला. धूर नव्हता, वाफ होती. गरम करताना बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर दंव जमून बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन काही मिनिटं उलटं चालतं, तेवढ्या वेळात आतला पंखा थांबतो, बाहेर वाफ येते आणि खाली पाणी टपकतं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, पण मॅन्युअल कोण वाचतं. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं हवा येत नाही तेही मुद्दाम असतं, कॉइल तापेपर्यंत गार हवा अंगावर सोडत नाही.

दुसरं, गरम हवा वर जाते आणि आपलं छत १२ फुटांवर. मशीनचा सेन्सर तिथेच वर, त्याला वाटतं खोली तापली, तो मंद होतो, आणि खाली पाय गारच. हवेची दिशा बदलणारे मशीनचे पंख आडवे ठेवले होते ते सरळ खाली केले, आणि रिमोटमध्ये "आय फील" नावाचं बटण सापडलं (काही कंपन्या "फॉलो मी" म्हणतात), ते दाबलं की रिमोट जिथे ठेवलाय तिथलं तापमान धरलं जातं. एवढ्या एका बटणाने जेवढा फरक पडला तेवढा टेक्निशियनच्या तीन फेऱ्यांत पडला नव्हता. फक्त रिमोट उशीखाली ठेवायचा नाही, आईने ठेवला होता.

आणि परत तीच पृष्ठभागाची गोष्ट, उलट्या बाजूने. हवा २२, तरी आई शाल घेऊन. तिची खुर्ची बाहेरच्या भिंतीला टेकलेली, भिंत १४! खुर्ची आतल्या भिंतीकडे सरकवली, बाहेरच्या भिंतीला जाड पडदा लावला, अर्धी तक्रार तिथेच गेली. तासभर लावून बंद करण्यात अर्थ नाही हेही कळलं, तेवढ्यात हवा तापते, दगड नाही. आता संध्याकाळपासून २० वर सलग चालू असतं.

उदबत्ती घेऊन खिडक्या-दारांपाशी फिरलो, धूर जिथे वळला तिथे रबर पट्टी किंवा सीलंट, दाराखाली ब्रश पट्टी. अर्ध्या दिवसाचं काम, गारठ्याची झुळूक गेली. पण त्याची किंमत महिन्याने कळली, काचांवर सकाळी पाणी ओघळायला लागलं आणि आईच्या कपाटामागे बुरशी. आधी दमट हवा फटीतून निघून जायची, आता कुठे जाणार? हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) ठेवला तर ७२ टक्के. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, बाथरूमला एक्झॉस्ट लावला, दिवसातून दोनदा दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडतो, आता ५५-६० मध्ये असतं. त्या भिंतीला कुणीतरी कधीतरी चुन्याच्या गिलाव्यावर ऑइल पेंट फासलाय, ओल आतच अडकते, तो खरवडायचाय.

फटी बुजवताना एक गोष्ट गंभीरपणे. घरात गॅसवर, लाकडावर किंवा कोळशावर जळणारं काहीही असेल तर त्याला ताजी हवा यायची आणि धूर जायची वाट ठेवाच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डिटेक्टर लावून घ्या.

बसवणाऱ्यांबद्दल एवढंच की इतक्या जाड भिंतीला पाइपसाठी भोक पाडताना ते आतून बाहेर उतरतं हवं. माझं बाहेरच्या बाजूला चढतं पाडलं, त्यामुळे ड्रेनचं, म्हणजे एसीतून निघणारं पाणी दोन महिने भिंतीवरून आत. "भिंतच वाकडी आहे" असं मला ऐकवलं! शेवटी दुसऱ्या माणसाकडून नवं भोक पाडलं. आणि वायरिंग आधी बघून घ्या, आमच्या जुन्या लाइनवर लोड आल्यावर प्लग हाताला चटके देत होता, आता दोन्ही मशीनला मेनपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग नवीन. फिल्टर दोन आठवड्यांनी मी स्वतः धुतो.

मशीनला पाचपैकी चार. एक कापला तो बाहेरच्या युनिटच्या रात्रीच्या घुंईसाठी, खाली रबराचे पॅड टाकले तरी पूर्ण गेली नाही. वरच्या खोलीची पश्चिमेची खिडकी अजून तापतेच, आतला पडदा बंद केला तरी ऊन काचेतून आत आलेलं असतंच, ते बाहेरच अडवायला हवं. बाहेरून छज्जा आणि झडप करून घ्यायचीय, सुताराने पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येतो म्हणून सांगितलंय, तिसऱ्यांदा.