भंडारदऱ्याचा टेंट कॅम्प, सासू-सासरे आणि पोरांना घेऊन

भंडारदऱ्याला तलावाच्या काठाने आता इतके टेंट कॅम्प झालेत की फोटो बघून काही म्हणजे काही कळत नाही, सगळीकडे तेच निळे-केशरी टेंट, तेच पाणी आणि तीच लायटिंगची माळ. म्हणून फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी लिहितेय. आमच्यात सासू-सासरे, चौथीतली मुलगी, बालवाडीतला मुलगा आणि आम्ही दोघं, यातलं कोणीच याआधी टेंटमध्ये झोपलेलं नव्हतं. अशा घरासाठी हा कॅम्प बरा आहे का? तर हो, चांगला आहे, आणि ते टेंटमुळे नाही तर तिथल्या माणसांमुळे.

आधी संडासाचं सांगते, कारण घरातली मोठी माणसं पहिलं तेच विचारतात. पक्कं बांधकाम आहे, एक कमोड आणि एक साधं, आत लाइट, पाणी भरपूर, कडी नीट लागते, स्वच्छता सकाळीसुद्धा चांगली होती. फक्त टेंटपासून वर चढून जावं लागतं, दगडाच्या पायऱ्या केल्यात पण वाटेवर एकच बल्ब, त्यामुळे रात्री सासऱ्यांना उठायचं झालं की कोणीतरी टॉर्च घेऊन सोबत जायला लागायचं. कॅम्प चालवणाऱ्या दादांना सांगितलंय वाटेवर सोलरचे दिवे लावा म्हणून, लावतो म्हणालेत, कोणी नंतर गेलात तर लावलेत का ते इथे लिहा प्लीज.

झोपायचं. टेंटमध्ये फोमची पातळ गादी देतात आणि डिसेंबरात तलावाकाठी थंडी अशी असते की वरून कितीही पांघरा, खालून जमिनीचा गारवा लागतोच. घरून एखादी जाड सतरंजी नाहीतर चटई नेऊन गादीखाली टाका, लगेच फरक पडतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठता येत नाही, हे बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं होतं तर गेल्या गेल्या बघतो तर दादांनी स्वतःच्या घराच्या पडवीत बाज टाकून, वर दोन गोधड्या घालून ठेवलेल्या. "आजी तुम्ही हितं झोपा, हितून पण पाणी दिसतंय." आम्ही न मागता केलेलं हे, आणि माझे निम्मे स्टार्स त्या बाजेला आहेत. सासूबाई घरून निघताना नको नको करत होत्या, त्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तिथे स्वयंपाक करणाऱ्या काकूंच्या चुलीपाशी शेकत बसल्या होत्या.

अजून एक, पहाटे टेंटच्या कापडाला आतून पाणी धरतं, टेंट गळतोय असं वाटतं पण ती आपल्याच श्वासाची वाफ असते, गार कापडाला लागून तिचे थेंब होतात. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन गच्च लावू नका, वरची जाळी थोडी उघडी ठेवा. खालची दाराची चेन मात्र कायम बंद, आणि बूट सकाळी झटकूनच घालायचे, हे दादांनी पोरांना आल्या आल्या समोर बसवून सांगितलं आणि पोरांनी ते शब्दशः पाळलं.

जेवण! संध्याकाळी शेगडीवर चिकन आणि पनीर भाजायला देतात ते सगळीकडे असतं तसंच, ठीक. खरं जेवण रात्रीचं. काकू चुलीवर तांदळाची भाकरी समोर थापून देतात, कडेने पापुद्रा सुटलेली, वाफ येत असलेली, तिच्यावर पिठलं आणि पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, सोबत गावरान चिकनचा रस्सा आणि भात. व्हेजचं वेगळं शिजवतात, सासऱ्यांना तेवढी खात्री लागतेच. पोरांसाठी बिनतिखटाचं वरण आधी वाढलं आणि ते साडेसातला, नाहीतर अशा ठिकाणी जेवायला दहा वाजवतात आणि तोवर लहान मुलं झोपून जातात.

त्रास झाला तो शेजारच्या कॅम्पचा. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे तरी तिकडे साडेअकरापर्यंत दणदणाट, पाण्यावरून आवाज लांबवर येतो. आमचे दादा दोनदा जाऊन बोलून आले तेव्हा कुठे बंद झालं. त्यानंतर जी शांतता पसरली आणि दिवे गेल्यावर जे आकाश दिसलं, ठाण्यात राहून पोरांनी ते कधी बघितलेलंच नाही. सासऱ्यांनी नातीला मृग दाखवला, त्याच्या पोटातला बाण, त्या सरळ रेषेत खाली चमकणारा व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका, आणि लहानपणी गावाला अंगणात झोपायचो तेव्हाच्या गोष्टी सांगत बसले, ज्या मी लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकल्या. आकाशासाठी जायचं असेल तर अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरा.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर नक्की करा, गाडी अगदी जवळ जाते त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना जमतं, दगडातलं कोरीव काम निवांत बघण्यासारखं आहे आणि शेजारची पुष्करणीही. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालेलं, तेही वाटेतच आहे. सांदण दरी मात्र लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर सोडा, मोठमोठ्या दगडांवरून उतरत जावं लागतं. कळसूबाई (१६४६ मीटर) ज्यांना चढायचंय त्यांनी वेगळा दिवस ठेवून या.

सीझनचं म्हणाल तर पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावं. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे असतात, झाडंच्या झाडं लुकलुकतात पण गर्दीही तेवढीच, आणि कृपा करून तिथे टॉर्च आणि गाडीचे हेडलाइट मारू नका, काजव्यांचं एकमेकांना खुणावणं उजेडाने बिघडतं आणि तोच तर त्यांचा विणीचा काळ. भर पावसाळ्यात या भागात पाऊस कोसळतो नुसता, टेंटचा हट्ट नको, खोली घ्या.

मोठ्यांचे माणशी १२०० रुपये, जेवण-नाश्ता धरून, छोट्याचे घेतले नाहीत. मोबाइलला रेंज जेमतेम, पैसे रोख न्या, पेट्रोल घोटीलाच भरून घ्या. आणि घरात गुडघेदुखीवालं कोणी असेल तर बाजेचं बुकिंगच्या फोनवरच सांगा, त्यांच्याकडे दोनच आहेत.