फ्लुटिकासोनचा नाकातला स्प्रे : तीन महिन्यांचा अनुभव

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा शिंका सुरू झाल्या, एका दमात पंधरा-वीस. तेव्हाच या स्प्रेबद्दल (फ्लुटिकासोन म्हणजे नाकातली ॲलर्जीची सूज उतरवणारं स्टेरॉइड) वाईट लिहायचं मी ठरवून टाकलं होतं. ते मत आता बदललंय, एक राग मात्र कायम आहे.

मी नाशिकच्या गंगापूर रोडला राहते. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास नाक गळू लागतं, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते. कित्येक वर्षं मी कॉलनीतल्या सप्तपर्णीला बोल लावला, कारण वास तिचाच येतो. पण ती फुलते दिवाळीच्या सुमारास. यंदा डॉक्टरांनी हातावर टोचून ॲलर्जीची चाचणी केली आणि गांधी उठली ती वावळ्याच्या झाडाची. (चाचणीआधी आठवडाभर सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, बंद ठेवावी लागते. ते दिवस फार कठीण गेले.) वावळ्याची पानं झडली की बारीक हिरवट फुलं येतात, कुणाचं लक्षही जात नाही, आणि पराग वाऱ्यावर पसरतो. गोदापार्कला फिरायला जाते त्या वाटेवरच दोन वावळे आहेत.

५ जानेवारीला स्प्रे सुरू केला. दोन्ही नाकपुड्यांत रोज दोन-दोन फवारे. पहिले चार-पाच दिवस काहीच फरक नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पैसे वाया. ओव्याची वाफ घे." हा स्प्रे हळूहळू चढतो, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडेही लागतात, हे दुकानदाराने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दहाव्या दिवशी रात्रभर नाकाने श्वास घेत झोपले. सेटिरिझिनने येणारी दिवसभराची गुंगी गेली. मध्ये नाकातून थोडं रक्त आलं, कारण मी नळी सरळ मधल्या पडद्यावर धरत होते. आता डाव्या नाकपुडीला उजवा हात आणि उजवीला डावा, नळीचं तोंड कानाच्या दिशेला. आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात उतरतं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी एकेक फवारा केला. सगळं सुरळीत होतं, आणि मार्चमध्ये पुन्हा तेच. मला वाटलं, शरीराला औषधाची सवय झाली.

कारण निघालं बाटलीत. तिच्यात १२० फवारे असतात. पहिले १४ दिवस रोज चार म्हणजे ५६, उरलेले ६४ रोज दोनप्रमाणे ३२ दिवस. म्हणजे शिवजयंतीलाच बाटली संपली होती! हलवली की आत खळखळ ऐकू येत होती, फवाराही उडत होता, म्हणून मी पुढे पंधरा दिवस ओढत राहिले. चारशे रुपयांच्या घरातली बाटली कोण टाकून देईल? पण १२० नंतर प्रत्येक फवाऱ्यात औषध नेमकं किती येतं याची खात्री नसते, तसं आतल्या चिठ्ठीवर छापलेलंही आहे, अगदी बारीक अक्षरात.

माझा राग इथे आहे. बाटली गडद, आत काही दिसत नाही, आणि मोजणी दाखवणारा आकडा नाही. दम्याच्या काही पंपांवर उरलेले डोस दिसतात, मग इथे का नाही? ऐन फुलोऱ्यात माणूस रिकाम्या बाटलीवर राहतो आणि औषधाला दोष देतो. मी तेच केलं. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या थेंबांपर्यंत गेले होते, पण ते तीन-चार दिवसांपलीकडे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं, म्हणून थांबले.

७ मार्चला नवी बाटली आणली, पहिला आठवडा पुन्हा चार फवारे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून उतार. सोबत संध्याकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुते, उकळून गार केलेल्याच पाण्याने, नळाच्या नाही. सकाळचं फिरणं मात्र बदललं, गोदापार्कऐवजी इमारतीच्या गच्चीवर.

पुढच्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू करणार, फुलोऱ्याच्या आधी. बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवून तारीख लिहिलीय आणि कॅलेंडरवर रोज फवारे मांडते. आज ३१ मार्च, सकाळी ६४ झाले.