स्विफ्ट ४० मिमी खाली घेतली: उसाचा सीझन आणि पावसाळा दोन्ही काढल्यावर

गाडी २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, १५ इंची व्हील, १८५/६५ टायर. दिवाळीनंतर लोअरिंग स्प्रिंग टाकले, पुढं मागं दोन्हीकडं ४० मिमी असं बॉक्सवर छापलेलं, शॉकअप कंपनीचेच ठेवले. ब्रँड सांगत नाही, कारण पुढं जे लिहितोय ते एका ब्रँडचं नाही, कंपनीच्या शॉकअपवर एवढे आखूड स्प्रिंग कुठलेपण टाका, थोड्याफार फरकानं हेच होणार. आता पावसाळा आवरत आलाय, मधल्या काळात गगनबावडा, पन्हाळा, पुणे हायवे, नृसिंहवाडी, सगळं झालं, त्यामुळं पहिल्या आठवड्यातल्या हवेवर लिहिलेलं नाही हे.

दिसायला विचाराल तर नाद खुळा. फेंडर आणि टायरमधली ती मोकळी जागा गेली की स्विफ्ट एकदम वेगळी गाडी वाटते. रंकाळ्यावर संध्याकाळी लावली की पोरं वाकून बघत्यात. आणि सुरुवातीला चालवायलापण झकास वाटली, स्टेअरिंग वळवलं की गाडी लगेच वळायला लागते, ब्रेक मारला की नाक तेवढं खाली जात नाही. हे खरंय, खोटं नाही. पण ते खाली बसल्यामुळं कमी आणि स्प्रिंग कडक असल्यामुळं जास्त, आणि हे दोन वेगळे मुद्दे आहेत, सगळी गंमत तिथंच आहे.

पहिला त्रास गगनबावड्याच्या रोडला कळला. वळण लांब, वेग बेताचा, आणि वळणाच्या मधोमध रस्ता दबलेला. आधी अशा ठिकाणी गाडी थोडी खाली जाऊन परत वर यायची, बस. आता काय झालं, पुढचं बाहेरच्या बाजूचं चाक दबलं आणि एकदम धप्प, तिथून पुढं गाडी वळायचंच सोडून सरळ निघाली, वीतभर बाहेर गेली आणि मग परत पकडलं. समोरनं एसटी असती तर? भिजलेल्या रोडवर हेच आणखी वाईट.

कारण साधं आहे पण दुकानात कुणी सांगत नाही. शॉकअपला एक ठराविक चाल असते, म्हणजे वरखाली सरकायची जागा. गाडी ४० मिमी खाली बसवली म्हणजे उभ्या गाडीतच ४० मिमी चाल खाऊन टाकली, खड्ड्याला द्यायला तेवढी कमी उरली. ती संपली की बंप स्टॉपचं रबर असतं, शॉकअप त्यावर जाऊन बसतो आणि त्या क्षणी त्या चाकाचा स्प्रिंग कित्येक पट कडक झाल्यासारखा होतो. वळणात पुढचं बाहेरचं चाक असं अचानक कडक झालं तर पुढचा टायर पकड सोडतो आणि गाडी बाहेर जाते. मागचं चाक बसलं तर उलटं, शेपूट निघतं. म्हणजे एकाच वळणात रस्ता कसा आहे त्यावर गाडी कधी अशी तर कधी तशी वागणार. गाडी खराब हँडल करत असली तरी एकवेळ चालतं, सवय होते, पण दर वेळी वेगळी वागली तर हात बसतच नाही.

खात्री करायची असेल तर एक फुकटचा उपाय आहे. शॉकअपच्या रॉडवर, धुळीचं रबर वर सरकवून, एक केबल टाय घट्ट बांधायचा आणि शॉकअपच्याच बॉडीला टेकवून ठेवायचा. रोजच्या रस्त्यावर फिरून या आणि बघा टाय कुठवर ढकलला गेलाय. माझ्यात मी एकटा असताना रबराच्या आधी बोटभर जागा उरत होती. चौघं बसले की शून्य. रॉडची चकाकी बघून कळतं म्हणतात काहीजण, पण टाय कधी खोटं बोलत नाही.

चौघांचं मुद्दाम सांगतोय. स्विफ्ट हलकी गाडी आहे, रिकामी पावणेनऊशे किलोच्या आत-बाहेर. त्यात चार मोठी माणसं आणि डिकीत सामान म्हणजे सव्वातीनशे किलो, गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या वर. जड एसयूव्हीत चार माणसं बसली तर तिला कळतपण नाही, इथं मागचा भाग सरळ रबरावर जाऊन बसतो. नृसिंहवाडीला सगळ्यांना घेऊन गेलो होतो, येताना बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी सगळं डिकीत. मागं बसलेल्या वहिनी जयसिंगपूरच्या अलीकडं म्हणाल्या, "भावजी, ही गाडी हाय का उसाची ट्रॉली?" आईनं तर सांगलीफाट्यापर्यंत बोलणंच बंद केलं. रिव्ह्यूमध्ये हँडलिंगचे आकडे सगळे देतात, मागच्या सीटचं कुणी लिहीत नाही, आणि कोल्हापुरात गाडी एकट्यासाठी कोण घेतंय सांगा.

दुसरी गोष्ट, डोलणं. हायवेला शिरोलीच्या पुढं पुलांचे जॉइंट येतात तिथं गाडी एकदा उडाली की दोन-तीनदा वरखाली होत राहायची. कंपनीचा शॉकअप कंपनीच्या मऊ स्प्रिंगला आवरेल एवढाच बनवलेला असतो. स्प्रिंग कडक केला की दबल्यावर तो जास्त जोरात परत फेकतो, आणि त्याला धरायचं काम शॉकअपचं, तो बिचारा तेवढाच. म्हणजे रोल (वळणात गाडी कलणं) कमी झाला पण चाक रस्त्याला चिकटून राहणं पण कमी झालं. खराब रस्त्यावर चाक हवेत असतं त्यावेळी गाडी किती खाली आहे याला काय अर्थ आहे.

आता स्टेअरिंग. ऊस तोडणीच्या सीझनला आपल्याकडच्या रस्त्यांची काय अवस्था होते ते सांगायला नको, डबल ट्रॉल्या जाऊन जाऊन चाकोऱ्या पडतात. त्या चाकोरीत गाडी स्वतःच इकडं तिकडं ओढायची, दोन्ही हातांनी धरून ठेवायला लागायचं. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग हातात फिरल्यासारखं. याला बंप स्टिअर म्हणतात. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म एका गोलाईत वर जातो, स्टेअरिंगकडून चाक वळवणारा टाय रॉड दुसऱ्या गोलाईत, कंपनीनं दोन्ही अशा जुळवलेल्या असतात की चाक वरखाली झालं तरी दिशा बदलत नाही. गाडी खाली घेतली की दोघं त्या जुळलेल्या जागेवरून सरकतात, मग चाक नुसतं वर गेलं तरी थोडं वळतंच. तुम्ही वळवलेलं नसताना.

अलाइनमेंटला लावली तर कॅम्बर, म्हणजे समोरनं बघितल्यावर चाकाचा कल, आधी जवळपास शून्य होता तो दोन्हीकडं एक डिग्रीच्या आसपास निगेटिव्ह (चाकाचं वरचं टोक आत), आणि टो, म्हणजे वरनं बघितल्यावर चाकांची दिशा, बाहेर उघडलेला. तोपर्यंत पुढच्या टायरच्या आतल्या कडा खरवडल्यासारख्या झालेल्या. इथं एक गैरसमज आहे, सगळे म्हणतात निगेटिव्ह कॅम्बरनं टायर खाल्ला. एक डिग्रीनं एवढ्यात एवढा टायर जात नाही. खाल्ला तो टो नं, कारण चाक सरळ फिरायच्या ऐवजी सतत थोडं आडवं घासत जातं, कॅम्बरनं फक्त ते घासणं आतल्या कडेवर आणून ठेवलं. टो सेट करून घेतला आणि चाकोरीतली निम्मी ओढ तिथंच गेली. मागं ॲडजस्टमेंट नाहीच, टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम) आहे, पण त्याचा फायदा असा की खाली घेतल्यानं तिकडं कोन फारसा बदलतपण नाही.

अलाइनमेंटच्या आधी एक काम करायचं असतं जे माझ्या पहिल्या गॅरेजवाल्यानं केलं नव्हतं. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले की बुशचं रबर त्या लटकत्या कोनात पकडलं जातं आणि गाडी खाली ठेवल्यावर कायमचं पिळलेलं राहतं. आवाज येतो, लवकर फाटतं. बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उभी करा, चार वेळा दाबून हलवा, मग आवळा. दुसऱ्या मेस्त्रीमामांनी हे केलं त्या दिवसापासून कुंई कुंई आवाज बंद. स्प्रिंग बसल्यावर थोडे आणखी दबतात, म्हणून काही शे किलोमीटरनं अलाइनमेंट परत करायची.

एवढं झाल्यावर पण वळणात गाडी माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त कलत होती. कडक स्प्रिंग टाकून पण! हे डोक्यात बसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात आणि स्विफ्टसारख्या स्ट्रटवाल्या (पुढं स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या) गाडीत तो लोअर आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी खाली घेतली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि रोल सेंटर गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढलं म्हणजे गाडीला कलवायला लांब दांडा मिळाला, लांब पान्यानं नट सोपा सुटतो तसं. वजनाचं केंद्र ४० मिमी खाली आणलं म्हणून जे कमावलं त्यातलं बरंच इकडं गेलं, आणि कडक स्प्रिंग फक्त ते झाकतोय. शिवाय आर्म आडव्याच्या वर गेला की वळणात दबताना चाकाला पाहिजे तसा कॅम्बर मिळायचा बंद होतो, उलट टायर बाहेरच्या कडेवर लोळायला लागतो. म्हणजे उभ्या गाडीत आतली कडा, वळणात बाहेरची.

याच्यावर औषध म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा बॉल जॉइंट खाली नेणारा लांब पिनचा जॉइंट आणि टाय रॉडचं टोक पण तेवढंच खाली. स्विफ्टला असलं काही मला सहज मिळालं नाही. मग डोक्यात आलं, उद्यमनगर आहे की! तिथं पंपाच्या पार्टपासून इंजिनाच्या पार्टपर्यंत काय म्हणाल ते ओतून, टर्न करून मिळतं. एका जुन्या लेथवाल्या काकांना पार्ट दाखवला, त्यांनी हातात घेऊन फिरवला आणि परत दिला. "हे फोर्जिंग हाय बाळा. ट्रॉलीचं काय बी करून देतो, स्टेअरिंगचं न्हाई करत." विषय संपला, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर, तापवून ठोकून (फोर्जिंग करून) न घडवता लेथवर नुसत्या बारमधून काढलेली पिन घाटात तुटली तर चाक दुमडून खाली जाणार.

तिथंच शेजारी एकानं स्प्रिंग कापून देतो म्हणून सांगितलं, अजून खाली पाहिजे तर. हे करू नका. वेढा कापला की स्प्रिंग कडक होतो हे खरं, पण आखूडपण होतो, चाक लटकलं की बैठकीत सैल पडतो आणि जागा सोडू शकतो. गॅसनं तापवून बसवणारे तर त्याहून थोर, स्टीलचं टेंपरच, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, घालवतात, मग तो स्प्रिंग रोज थोडा थोडा बसत जातो.

स्पीड ब्रेकरबद्दल लोक पहिलं विचारतात म्हणून सांगतो. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, त्यातनं ४० गेले, उरले १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल स्पीड ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तसला आला तर आरामात जाते. पण गावागावात रातोरात जे उंचवटे उगवतात ते कुठल्या नियमातले? तिरकी घालून काढायची, तरी पुढच्या बंपरचा खालचा ओठ गेलाच. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं की खोली कळत नाही, तिथं सरळ दुसरा रस्ता.

शेवटी केलं काय ते. ४० वाले स्प्रिंग काढले, २५ मिमीवाले टाकले आणि त्याला जुळणारे आखूड बॉडीचे शॉकअप चारीकडं. खर्च स्प्रिंगच्या दुपटीच्या वर गेला, घरात आकडा अजून सांगितलेला नाही. पण फरक शॉकअपनं पडला, स्प्रिंगनं नाही. पुलाच्या जॉइंटवर आता एकदाच हलते आणि शांत. केबल टाय चौघांत पण रबरापर्यंत पोचत नाही, फक्त मोठ्या खड्ड्यात टेकतो. गगनबावड्याचं तेच वळण आता गाडी एका रेषेत घेते. चाकोरीत थोडं ओढतं अजून, पण एका हातानं धरता येतं. दिसायला आधीएवढी बसकी नाही, मित्र म्हणतात वर का घेतली, म्हणू देत.

कुणी विचारलंच तर माझा हिशोब असा: पैसे एकाच गोष्टीला असतील तर स्प्रिंगला हात न लावता चांगले शॉकअप आणि टायर घ्या. दोन्हीला असतील तर जुळलेला सेट एकदमच घ्या, गाडी २५ ते ३० मिमीपेक्षा जास्त खाली घेऊ नका. ट्रॅकवर एकट्यानं चालवायची असेल तर वेगळं, तिथं रस्ता सपाट आणि मागं वहिनी नाहीत.

कागदाचं पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल करता येणार नाहीत असं सांगितलंय. इन्शुरन्सवाल्यांना बसवायच्या आधीच विचारा, क्लेमच्या वेळी नाही. आणि स्प्रिंग बदलल्यावर हेडलाइट तपासा, पुढचं टोक मागच्यापेक्षा जास्त खाली आलं की उजेड जवळच पडतो, माझा आधी बंपरच्या पुढं दहा पावलांवर संपत होता, लेव्हलरचं बटन फिरवून पण पुरलं नाही, मागनं स्क्रूवर सेट करायला लागला.

सध्या एकच राहिलंय, डाव्या पुढच्या स्ट्रटच्या माउंटिंगमधनं स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टक् असा आवाज येतो. बेअरिंग असणार. मामा म्हणालेत दसऱ्याच्या आधी आणून टाक.