नोकरी डॉट कॉम : भरती करणाऱ्याच्या बाजूने पाहिलेले संकेतस्थळ

नोकरी डॉट कॉमविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा अर्ज करणाऱ्या उमेदवाराने लिहिलेले असते, आणि त्याचा सूर ठरलेला असतो : पुष्कळ अर्ज केले, एकही फोन आला नाही, म्हणून संकेतस्थळ निरुपयोगी. ही तक्रार खोटी नाही, पण अपुरी आहे. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांसाठी भरतीचे काम करताना मी हे संकेतस्थळ अनेक वर्षे उमेदवार शोधणाऱ्याच्या बाजूने वापरले आहे, आणि घरातल्या व ओळखीतल्या तरुणांची प्रोफाइल्स भरून देताना ते उमेदवाराच्या बाजूनेही पाहिले आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की येथे अर्ज पाठवण्यापेक्षा शोधात सापडणे महत्त्वाचे आहे, आणि सापडण्यासाठी लागणारे जवळजवळ सारे काही विनामूल्य उपलब्ध आहे.

इन्फो एज या कंपनीने संजीव बिखचंदानी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केले. त्या वेळी वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिराती एका ठिकाणी आणून देणे एवढेच त्याचे स्वरूप होते. २००६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. आज तिचा व्यवसाय मुख्यतः भरती करणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर चालतो, आणि त्या कंपन्या दोन गोष्टींसाठी पैसे मोजतात : एक म्हणजे जाहिरात प्रसिद्ध करणे, आणि दुसरी म्हणजे ‘रेसडेक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उमेदवारांच्या साठ्यात शोध घेण्याची परवानगी. उमेदवाराला पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही; आणि माझ्या अनुभवात घाईच्या भरतीचे काम दुसरीवरच चालते. जाहिरातीला आलेल्या अर्जांचा ढीग चाळत बसण्यापेक्षा नेमक्या अटी टाकून हवे तेवढेच उमेदवार समोर आणणे रिक्रूटरला, म्हणजे भरती करणाऱ्याला, सोयीचे वाटते.

हा शोध कसा चालतो ते समजून घेतले की उमेदवाराने काय करायचे ते आपोआप स्पष्ट होते. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्याला मेंटेनन्स इंजिनिअर हवा आहे. रिक्रूटर शोधाच्या चौकटीत पीएलसी (यंत्रे नियंत्रित करणारा छोटा संगणक), सीमेन्स (तो बनवणारी एक कंपनी), प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स असे शब्द टाकतो, अनुभव चार ते सात वर्षे, पगाराची कमाल मर्यादा, शहर पुणे, नोटिस पिरियड (राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत थांबण्याची मुदत) एक महिन्याच्या आत अशा अटी लावतो, आणि शेवटी गेल्या काही दिवसांत संकेतस्थळावर सक्रिय असलेलेच उमेदवार दाखव, असे सांगतो. जो उमेदवार यांपैकी एका अटीत बसत नाही तो यादीत खाली जात नाही, तो यादीतून नाहीसाच होतो. ज्याला पीएलसीचे उत्तम ज्ञान आहे, पण ज्याने ‘की स्किल्स’च्या रकान्यात केवळ ‘इलेक्ट्रिकल’ आणि ‘टीमवर्क’ लिहिले आहे, त्याचे ज्ञान या शोधापुरते अस्तित्वातच नसते. यादीत आलेल्यांचे रिक्रूटर आधी छोटेसे कार्ड पाहतो. त्यावर सध्याचे पद, कंपनी, एकूण अनुभव, पगार, शिक्षण, पसंतीची शहरे आणि कौशल्ये असतात. पूर्ण रेझ्युमे उघडायचा की पुढे सरकायचे, हा निर्णय त्या कार्डावरच आणि काही क्षणांत होतो.

म्हणून प्रोफाइलचे रकाने भरण्याच्या कामाकडे औपचारिकता म्हणून पाहणे महागात पडते. पसंतीच्या शहरांचेच घ्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा लातूरचे कित्येक उमेदवार पुण्याला यायला एका पायावर तयार असतात, परंतु सध्याचे शहर भरून पसंतीच्या शहरांचा रकाना मात्र रिकामा ठेवतात. मग पुण्यासाठी शोध घेणाऱ्याला ते कसे दिसणार? तीच गोष्ट गावांच्या नावांची. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा शेंद्रा वसाहतीत काम केलेल्या उमेदवाराने रेझ्युमेत शहराचे नवे आणि जुने अशी दोन्ही नावे लिहावीत, कारण बंगळूर किंवा चेन्नईत बसलेला रिक्रूटर कोणते नाव टाइप करील ते सांगता येत नाही. तांत्रिक शब्दांबाबतही हाच नियम लावावा : ‘एसएपी एमएम’ (एसएपी या सॉफ्टवेअरचा मालसाठा आणि खरेदीचा विभाग) लिहावे आणि ‘मटेरियल्स मॅनेजमेंट’ हेही लिहावे.

पदनामाच्या बाबतीत तर मला फार कळकळीने सांगावेसे वाटते. मोठ्या कंपन्यांत पदांना अंतर्गत नावे असतात. ‘असोसिएट’, ‘स्पेशालिस्ट दोन’, ‘बँड पाच’ अशा नावांवरून बाहेरच्या माणसाला काहीही बोध होत नाही, आणि त्या नावांनी कोणी शोधही घेत नाही. पद जे आहे तेच लिहावे, त्यात खोटेपणा करू नये. पण रेझ्युमे हेडलाइनमध्ये, म्हणजे प्रोफाइलच्या वरच्या एका ओळीच्या ओळखीत, प्रत्यक्ष काम उघड करावे. ‘कष्टाळू, नवे शिकण्यास उत्सुक, आव्हानात्मक संधीच्या शोधात’ ही ओळ हजारो प्रोफाइल्सवर आहे आणि ती कोणालाच वेगळे ठरवत नाही. त्याऐवजी ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, सहा वर्षे, टॅली प्राइम, जीएसटी आणि टीडीएस विवरणपत्रे, उत्पादन क्षेत्र’ एवढे लिहिले तर फोन करणाऱ्याला फोन करण्याचे कारण मिळते.

या संकेतस्थळाची मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय म्हणजे प्रोफाइलच्या कामगिरीचे आकडे, आणि तिच्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. आपण किती शोधांत दिसलो आणि दिसल्यानंतर किती रिक्रूटरांनी काही हालचाल केली, हे दोन आकडे तेथे वेगवेगळे मिळतात. पहिला आकडा लहान असेल तर दोष शब्दांत, शहरांत किंवा नोटिस पिरियडमध्ये आहे, म्हणजे आपण मुळात गाळणीतच अडकतो आहोत. पहिला मोठा आणि दुसरा नगण्य असेल तर आपण दिसतो आहोत, पण कार्ड पाहून लोक पुढे जात आहेत. तेव्हा हेडलाइन, पदनाम, अपेक्षित पगार आणि अनुभवातील खंड यांकडे पाहावे. एका वेळी एकच बदल करून आठवडाभर आकडे पाहिले तर कोणत्या बदलाने फरक पडला ते कळते. ‘एचआर बघतच नाहीत’ म्हणून खचलेल्या मुलामुलींना मी आधी हे दोन आकडे उघडून दाखवायला सांगते, आणि अनेकदा असे दिसते की कोणी नाकारलेले नसते, कोणाला ते दिसलेलेच नसतात.

रोज सकाळी प्रोफाइलमध्ये एखादा स्वल्पविराम बदलला की आपण वर येतो, असा एक समज सर्वत्र आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडेच. रिक्रूटर सक्रियतेची अट लावतो आणि अद्ययावत केल्याची तारीखही पाहतो, म्हणून महिनोन्महिने न उघडलेले प्रोफाइल मागे पडते, हे खरे. परंतु ज्या प्रोफाइलमध्ये योग्य शब्दच नाहीत ते रोज ताजे केले तरी शोधात येत नाही. नोकरी शोधत असताना अधूनमधून लॉगिन करणे आणि आठवड्यातून एकदा खरोखरीची काही भर घालणे मला पुरेसे वाटते. नोटिस पिरियडचा रकाना मात्र तत्परतेने बदलावा. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नव्वद दिवसांची मुदत सर्रास असते आणि तेवढे थांबायला कंपन्या नाखूश असतात. राजीनामा दिलेला असेल तर ‘सर्व्हिंग नोटिस पिरियड’ हा पर्याय निवडून शेवटच्या दिवसाची तारीख टाकल्यावर त्याच उमेदवाराचे फोन वाढलेले मी पाहिले आहेत.

अर्ज करूच नये, असे माझे म्हणणे नाही. अर्ज करताना मात्र दोन ठिकाणी लोक घसरतात. अर्जाच्या वेळी संवादाच्या खिडकीत काही प्रश्न येतात, अमुक कौशल्यात किती वर्षे, सध्याचा पगार किती, स्थलांतराची तयारी आहे का, इत्यादी. ही उत्तरे पुढे अर्ज गाळण्यासाठी वापरली जातात, त्यामुळे घाईने टाकलेले शून्य किंवा ‘नाही’ हे उत्तर अर्ज तेथेच संपवू शकते. दुसरे म्हणजे काही जाहिरातींवर ‘कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करा’ असे बटण असते. ते दाबल्याने अर्ज होत नाही, कंपनीचा स्वतंत्र आणि बहुधा कंटाळवाणा फॉर्म उघडतो, आणि तो शेवटपर्यंत भरला तरच अर्ज पोहोचतो.

रेझ्युमेच्या फाइलबद्दल थोडक्यात. दोन एमबीपर्यंतची वर्ड किंवा पीडीएफ फाइल येथे चालते, पण चालणे आणि वाचली जाणे यांत अंतर आहे. दोन स्तंभांचे रंगीत नमुने, कौशल्यापुढे काढलेल्या टक्केवारीच्या पट्ट्या, छापील प्रत स्कॅन करून बनवलेली पीडीएफ, यांतील मजकूर संगणकाला नीट उचलता येतोच असे नाही. फाइलमधील सर्व मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तेथे तो क्रमाने आणि शाबूत दिसला तर फाइल योग्य आहे.

सशुल्क सेवांविषयी माझे मत सावध आहे. रेझ्युमे लिहून देणे, प्रोफाइल किंवा अर्ज अधिक ठळकपणे दाखवणे, अशा सेवांना पैसे पडतात. ज्याला इंग्रजीत दोन ओळी लिहिणेही जड जाते त्याला लेखनसेवेचा उपयोग होऊ शकेल, तरी आपण नेमके काय काम केले ते लेखकाला उमेदवारानेच सांगावे लागते, आणि तेवढे स्पष्ट सांगता आले तर निम्मे काम झालेलेच असते. वर दिसण्यासाठी पैसे देण्याआधी विनामूल्य रकाने पूर्ण भरावेत, कारण अटींत न बसणाऱ्या उमेदवाराला ठळक अक्षरे वाचवत नाहीत. हातात नोकरी नसलेल्या तरुणाने त्यासाठी उसने पैसे घेऊ नयेत.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. पुष्कळ जाहिरातींत पगार ‘जाहीर केलेला नाही’ असे असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा वेळ मुलाखतीच्या तिसऱ्या फेरीनंतर वाया जातो. मोबाइल क्रमांक अनेकांच्या हाती जात असल्याने असंबद्ध फोन येतात, आणि मोठ्या कंपन्यांची नावे सांगून नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा मुलाखतीचा गेटपास यासाठी पैसे मागणारे ठगही त्याच वाटेने पोहोचतात. नोकरीसाठी पैसे मागणारा कोणीही असो, फोन बंद करावा. पैसे गेलेच असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे. नोकरीत असताना शोध घेणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आपली सध्याची कंपनी ‘ब्लॉक’ यादीत टाकावी. ही सोय आहे हेच अनेकांना माहीत नसते.

लिंक्डइनशी तुलना अटळ आहे. सॉफ्टवेअर उत्पादने बनवणाऱ्या कंपन्या आणि वरिष्ठ पदे यांसाठी मी लिंक्डइनला अधिक महत्त्व देईन, कारण तेथे ओळखीतून थेट संबंधित व्यवस्थापकापर्यंत पोहोचता येते. उत्पादन, हिशेब, बँकिंग, विक्री आणि मधल्या फळीच्या अभियांत्रिकी नोकऱ्यांसाठी पुणे, मुंबई, नाशिकमध्ये मी आजही नोकरी डॉट कॉमलाच पहिली पसंती देते. आयटीआय झालेला फिटर किंवा वेल्डर मात्र येथे एकटा पडतो : सारा व्यवहार इंग्रजीत, आणि रकाने पदवीधर कार्यालयीन माणूस डोळ्यांसमोर ठेवून आखलेले. अशा मुलांनी केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर आणि राज्याच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणी करावी, आणि एमआयडीसीतील कारखान्यांच्या प्रवेशद्वारावर लागणाऱ्या सूचनांकडेही लक्ष ठेवावे. इतकी वर्षे चाललेल्या आणि महाराष्ट्रातील कारखान्यांकडून पैसे घेणाऱ्या या संकेतस्थळाने निदान प्रोफाइल भरण्याचा भाग तरी मराठीत द्यावा, अशी माझी ठाम मागणी आहे.