विक्रीच्या रकान्यात तीनच पत्ते

हिशेब तपासणं हा माझा धंदा. वह्या चाळून कुठे पाणी मुरतंय ते सांगायचे मला पैसे मिळतात. तरीही एका नव्या क्रिप्टो कॉइनमध्ये मी ०.६४ इथर (इथेरियम नेटवर्कचं चलन) घालवले, आणि फसवणुकीचा पुरावा सगळ्यांना दिसेल अशा उघड्या वहीत मांडलेला होता. ती वही मी पैसे गेल्यावर उघडली.

सुरुवात मैत्रिणीकडून झाली. तिने मला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिला दोष देत नाही, तिचे माझ्याहून जास्त गेले. ग्रुपवर रोज एकच पालुपद असायचं: बिटकॉइन २००९ मध्ये आलं तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आता पाहा, आपलं कॉइन मोठ्या एक्स्चेंजवर जायच्या आत घेऊन ठेवा. हे वाचून माझ्या मनात जे हललं त्याला लोभच म्हणतात, उगाच दुसरा शब्द शोधत नाही.

नवं कॉइन घेणं दिसायला अवघड, पण एकदा कळलं की अर्ध्या तासाचं काम. ओळखपत्र देऊन नेहमीच्या एक्स्चेंजवर खातं उघडलं, इथर घेतले आणि स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे चाव्या आपल्याच हाती असलेल्या ॲपमध्ये, पाठवले. वॉलेट तयार होताना बारा शब्द मिळतात. ते कागदावर उतरवले, फोटो काढला नाही. एवढी एक गोष्ट मी धड केली. मग विकेंद्रित एक्स्चेंज उघडून ग्रुपने दिलेला कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे कॉइन चालवणाऱ्या कोडचा, पत्ता चिकटवला. हा पत्ता शून्य आणि एक्सने सुरू होणारा, ४२ अक्षरांचा असतो. कॉइनला नाव आणि चिन्ह कुणीही काहीही देऊ शकतं, एकाच नावाची दहा कॉइन्स असू शकतात. ओळख असते ती फक्त पत्त्याला. हे मला माहीत होतं, म्हणून मी पत्ता अक्षर-अक्षर ताडून पाहिला. चोराच्या घराचा पत्ता बरोबर आहे की नाही, एवढीच खातरजमा झाली म्हणा.

आधी ०.०४ इथरचं घेतलं. तीन दिवसांत भाव दुप्पट. आलेख असा की जिना वाटावा, एकही पायरी खाली नाही. चौथ्या दिवशी आणखी ०.६० टाकले.

इथे थोडं थांबते, कारण त्या जिन्यातच सगळी गोम होती. विकेंद्रित एक्स्चेंजवर समोर विकणारा माणूस नसतो. एक हौद असतो, त्यात इथरही असतात आणि ते कॉइनही. आपण इथर टाकतो, कॉइन काढतो. हौदात कॉइन कमी झालं की भाव चढतो. कुणी कॉइन परत टाकून इथर काढले की भाव उतरतो. मग ज्या कॉइनचा भाव तीन-चार दिवस एकदाही उतरत नाही, तिथे काय चाललं असेल? नफा दिसत असताना कुणालाच तो खिशात घालावासा वाटत नाही? अशी माणसं मी अजून पाहिलेली नाहीत. तिथे कुणी विकत नव्हतं, कारण कुणाला विकताच येत नव्हतं.

माझ्या शंका फिटल्या त्या दोन दाखल्यांमुळे. पहिला, ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या साखळीवरच्या सगळ्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, कॉन्ट्रॅक्टच्या कोडसमोर हिरवी खूण होती: ‘व्हेरिफाइड’. मी समजले, कुणीतरी तपासून बरं म्हटलंय. प्रत्यक्षात त्या खुणेचा अर्थ एवढाच की इथे दाखवलेला कोड आणि साखळीवर चालणारा कोड एकच आहे. त्या कोडात दरोडा लिहिलेला असला तरी खूण हिरवीच राहते. दुसरा दाखला, ‘लिक्विडिटी एक वर्षासाठी लॉक’, म्हणजे हौदातला साठा कुलपात. हे तर खरंही होतं. हौद थेट उचलून नेता येणार नव्हता. पण कॉइनचा ढीग मालकाकडे होता आणि विकायची मुभाही त्यालाच होती. त्याने आपलं कॉइन हौदात ओतून आमचे इथर काढून घेतले. कुलूप शाबूत राहिलं.

विकायचा प्रयत्न मी सहाव्या दिवशी केला, तोही सगळं नाही, थोडंसं. व्यवहार फसला. वॉलेटने आधी इशारा दिला होता की हा व्यवहार बहुधा होणार नाही. मी तरी पुढे गेले. ग्रुपवर विचारलं तर उत्तर तयार: “ताई, नेटवर्कवर गर्दी आहे. स्लिपेज वाढवा.” स्लिपेज म्हणजे दिसणाऱ्या भावापेक्षा किती टक्के कमी मिळालं तरी चालेल, ती मर्यादा. १२ टक्के केली, मग २५, मग ४९. तीनही वेळा अपयश, आणि प्रत्येक वेळी गॅस फी, म्हणजे नेटवर्कचं शुल्क, गेली ती गेलीच, कारण व्यवहार फसला तरी नेटवर्कने काम केलेलं असतं. “ताई, जरा धीर धरा. घाबरट लोकांमुळेच भाव पडतो.” माझ्यासारखाच प्रश्न विचारणारे आणखी दोघं होते. संध्याकाळी त्यांचे मेसेज दिसेनासे झाले. रात्री मीही ग्रुपबाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाव शून्याला टेकला होता. इथेरियमवर साधारण दर १२ सेकंदांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, बनतो. आमचा हौद एका ब्लॉकमध्ये रिकामा झाला.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. एक्सप्लोररवर त्या कॉइनच्या सगळ्या नोंदी उघडल्या, खरेदी एका बाजूला लिहिली, विक्री दुसऱ्या बाजूला. खरेदीला चारशेच्या वर वॉलेटचे पत्ते. विक्रीला तीन. तिघांनाही त्यांचं कॉइन एकाच पत्त्यावरून आलेलं, आणि कॉन्ट्रॅक्टही त्याच पत्त्याने चढवलेला. पोरकट हिशेब होता. माझ्या हाताखाली नव्याने लागलेल्या मुलीनेही दहा मिनिटांत पकडला असता.

या प्रकाराला हनीपॉट म्हणतात, म्हणजे मधाचं भांडं: आत जाता येतं, बाहेर नाही. नवंही नाही. २०२१ मध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर असंच कॉइन निघालं होतं. घेणाऱ्यांना ते विकता येत नव्हतं, भाव २,८०० डॉलरच्या पुढे गेला आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत मातीमोल झाला. ही बातमी मी तेव्हा वाचली होती. हसलेही होते.

पैसे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुसरी टोळी आली. मी एका सार्वजनिक ग्रुपवर गाऱ्हाणं मांडलं होतं, त्यावरून एका गृहस्थाने खासगीत मेसेज केला. भाषा अत्यंत अदबीची. म्हणे अडकलेले इथर सोडवून देतो, फक्त या पानावर वॉलेट ‘सिंक’ करा. पानावर बारा रिकामे चौकोन. मी कागद काढला आणि चार शब्द भरलेसुद्धा. पाचव्याला हात थांबला. हे बारा शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडले जातात आणि त्यांतूनच वॉलेटच्या सगळ्या चाव्या तयार होतात. ज्याच्याकडे ते बारा, त्याचं वॉलेट. पासवर्डासारखे ते बदलूनही घेता येत नाहीत. राहिलेले थोडे इथर त्याच दिवशी नवं वॉलेट काढून तिकडे हलवले. चार शब्दांनी कुणाचं काही होत नाही म्हणा, पण झोप लागेना.

तक्रार केली आहे: पत्ते, व्यवहारांचे हॅश (ओळख क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं तारखेनिशी. पैसे कुठून कुठे गेले ते कुणालाही दिसतं. ते पत्ते कुणाचे, हे दिसत नाही.

कुणी नवं कॉइन घ्यायला निघालं की मी आधी एकच विचारते: विकणारे किती? नोंदी उघडून पाहा, आपल्यासारखे साधे पत्ते विकताहेत का. मग चिमूटभर घ्या आणि लगेच विकून पाहा. त्यावरही विसंबू नका, कारण काही कॉन्ट्रॅक्टमध्ये विक्रीचा नळ मालकाच्या हाती असतो. सुरुवातीला चालू ठेवतो, गर्दी जमली की बंद करतो. विक्रीवर किती टक्के कापलं जातं तेही बघा. ९९ टक्के कापणारे असतात, तिथे विकता येतं पण हाती काही येत नाही.

माझं कॉइन अजून जुन्या वॉलेटमध्ये आहे, आकडा तेवढाच. गेल्या आठवड्यात मैत्रिणीने एका नव्या ग्रुपची लिंक पाठवली. “हे लोक वेगळे आहेत गं, शिकलेले आहेत.” मी कॉन्ट्रॅक्टचा पत्ता मागितला आणि वही उघडून बसले. खरेदीची पानं भरली होती. विक्रीला दोन पत्ते. तिला लगेच फोन लावला, तो एंगेज होता.