लेकीच्या मुरमांवरचं जेल: चवथीपासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

कंपनी कुठलीही असो, आत अडापलीन ०.१ आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के असलेल्या जेलबद्दल लिहितेय.

आधी टॉवेल. हे पेरॉक्साइड कपड्याचा रंग खातं. पत्रकात ते बारीक अक्षरात एका ओळीत असतं, कोण वाचतं? चवथीला घेतलेला गर्द निळा टॉवेल, उशीचे अभ्रे, लेकीच्या हायर सेकंडरीच्या युनिफॉर्मची कॉलर, सगळ्यावर फिकट नारिंगी ठिपके. साबण लावून घासलं, रात्रभर भिजवलं, काही उपयोग नाही, कारण रंगच उडालेला असतो. ट्यूबपेक्षा कपड्यांचं नुकसान मोठं झालं, याचा राग अजून आहे. पांढरे अभ्रे, पांढरा टॉवेल आधी काढा, मगच ट्यूब उघडा.

औषधाला पहिल्या महिन्यात मी दोनच तारे दिले असते. गाल सोलले, लाल झाले, पुटकुळ्या उलट वाढल्या. पोर फोटोत यायला तयार नाही, बघून जीव तुटायचा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं: अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, रात्री, चेहरा पूर्ण सुकल्यावर, सुरुवातीला एक रात्र सोडून, आणि ८ ते १२ आठवडे धीर धरा. नरकासुर जाळेपर्यंत फरक नव्हता. त्यानंतर मात्र कपाळ निवळत गेलं. आता चार तारे.

कपाळाचं थोडं श्रेय खोबरेल बंद करण्यालाही. रात्री केसांना थापलेलं तेल कपाळावर उतरतं आणि रंध्रं बुजवतं. आजी नाराज झाली, पण तिलाही समजावलं: वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेत तेल जास्त सुटतं, मृत पेशींनी रंध्राचं तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात. चेहरा घासघासून धुतल्याने हे थांबत नाही, उलट त्वचा जास्त चिडते.

मागे राहिलेले काळे डाग सावकाश जाताहेत, त्यासाठी दिवसा सनस्क्रीन लागतंच. खड्डे मात्र या जेलने भरत नाहीत, म्हणून खोल, दुखऱ्या गाठी असतील तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

मधे ट्यूब संपली तेव्हा एका फार्मसीत "हीच लावा, आठ दिवसांत चेहरा साफ" म्हणत भलतीच क्रीम हातात ठेवली. वाचलं तर आत स्टेरॉइड! त्याने मुरुम आधी दबतात, सोडलं की उसळून येतात, वर त्वचा पातळ होते ती वेगळीच. कोवळ्या पोरींच्या चेहऱ्यावर हे खपवतात, संताप होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसताना खोक्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन दिसलं तर तिथल्या तिथे परत करा.