दावण की मोकळा गोठा: आमच्या घरात दुपारच्या पाण्याने ठरवलं

माझा मेव्हणा नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात राहतो. द्राक्षबागेचा एक तुकडा मोडून तिथे दहा गाईंचा गोठा घालायचं त्याच्या मनात आहे. दिवाळीत आला तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "दाजी, दावणीचा घालू की मुक्त?" म्हणजे गाई गव्हाणीपुढे बांधून ठेवायच्या की आवारात मोकळ्या सोडायच्या. तासभर बोललो, तरी बरंच राहून गेलं. असाच विचार करणारे आणखीही असतील, म्हणून नीट लिहून काढतो.

आमच्याकडे दोन्ही प्रकार झाले आहेत. अण्णांनी २०११ साली बांधलेला दावणीचा गोठा आठ वर्षं चालवला. २०१९ पासून गाई मोकळ्या आहेत. सिन्नरच्या पूर्व भागात आमचा मळा आहे, वस्ती मळ्यातच आणि गोठा घरापासून पन्नास पावलांवर. संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई, दुभत्या, गाभण आणि आटवलेल्या, म्हणजे विण्याआधी दूध बंद केलेल्या, मिळून दहा, शिवाय कालवडी. बाहेरचा माणूस नाही. आई, अण्णा, मी आणि बायको, आणि शाळेतून आल्यावर दोन मुलं. हे आधीच सांगितलं, कारण ज्यांच्याकडे दोन पगारी गडी आहेत त्यांना माझं बरंचसं म्हणणं लागू पडणार नाही.

आधी दावणीच्या बाजूने बोलतो, कारण तिच्यावर आमचं घर उभं राहिलं. दावणीला प्रत्येक गाय हाताखाली असते. कोणाला किती पेंड पडली, कोणी कुट्टी तशीच ठेवली, कोणाचं शेण पातळ झालं, हे गव्हाणीवरून एक फेरी मारली की कळतं. डॉक्टर आले की गाय पकडायला धावपळ नाही. जागा थोडी लागते, आणि बागायती जमिनीत हा मुद्दा लहान नाही. मोकळ्या गोठ्यात एका मोठ्या गाईला छताखाली साधारण ४० चौरस फूट आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट जागा धरावी लागते. दहा गाई आणि वर कालवडी म्हटलं की दीड गुंठ्याच्या आसपास जागा नुसत्या फिरण्यासाठी जाते. दिंडोरीत ज्या रानात द्राक्षं उभी आहेत त्या रानात तेवढी जागा सोडताना हात आखडतोच.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, पण आमच्या घरात ती मोठी होती. आईला दावणीची गाय हवी होती. वसुबारसेला सकाळी गाय-वासरू जागच्या जागी उभं मिळायचं. पायावर पाणी, कपाळाला हळद-कुंकू, मग गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी. गाई मोकळ्या सोडायच्या म्हटल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मग त्या आपल्या कशा राहतील?" तिला समजवायला मला एक वर्ष लागलं.

आता ज्या गोष्टीवर सगळं फिरलं तिच्याकडे येतो. पाणी. त्यातही दुपारचं पाणी.

एचएफ गाय उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पाणी सहज पिते, भरात असलेली दुभती गाय त्याहून जास्त. दहा गाईंचं धरा ६०० लिटरच्या वर. पंधरा लिटरच्या बादलीने चाळीस बादल्या. सकाळच्या धारेनंतर आणि संध्याकाळच्या धारेआधी पाजायला आम्ही दोघे बापलेक असायचो. एक ते दोनच्या सुमाराला पत्रा तापतो, गाई धापा टाकायला लागतात, आणि नेमका तेव्हा मी कांद्यात किंवा बाजार समितीत आणि अण्णा बांधावर. घरात आई आणि बायको. हौदातून बादली भरायची, गाईपुढे धरायची. गाय अर्धी पिते, मान झटकते, उरलेलं पाणी पायावर. पहिलीचं होईस्तोवर शेवटची हंबरून गोठा डोक्यावर घेते, आणि शेवटचीचं होईस्तोवर पहिली पुन्हा मान वळवून बघायला लागते. आईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर बादलीच्या कडीचा वळ पडलेला आहे, आजही तो गेलेला नाही.

कष्टाची आमच्या घरात कोणाला भीती नाही. मला टोचत होतं ते हे की दुपारी घर सोडता येत नव्हतं. धारा दोन वेळच्या असतात, त्या गाठता येतात. सकाळी काढून निघायचं, संध्याकाळी पाचच्या आत परतायचं, सगळे दूधवाले असंच जगतात. दुपारचं पाणी मात्र दिवसाच्या बरोबर मध्ये येऊन बसतं. ओझरला बायकोच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, मुहूर्त साडेबाराचा. अक्षता पडल्या आणि आम्ही पंगतीला न बसता गाडी काढली. सासूबाईंनी डब्यात बांधून दिलेली जिलेबी बायकोने रस्त्यात उघडलीही नाही. थोरल्या मुलाला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा त्याची आई तिथे नव्हती, कारण आजी तापाने पडली होती आणि गाई पाण्यावाचून ठेवता येत नव्हत्या. मुलाने काही म्हटलं नाही. मला ते अजून विसरता येत नाही.

यावर उपाय केले नाहीत असं नाही. गव्हाणीतच पाणी सोडून पाहिलं. त्यासाठी आधी उरलेली वैरण काढावी लागते, नाहीतर ती आंबते. म्हणजे दुपारी माणूस लागतोच. मग दोन गाईंच्या मध्ये एक अशा आपोआप भरणाऱ्या वाट्या बसवल्या. आमचं बोअरचं पाणी जड. झडपेवर क्षार बसायचे, पेंडीचा चोथा अडकायचा, आणि एखादी वाटी रात्रभर वाहून सगळा गोठा ओला व्हायचा. पाणी गोडं असेल आणि रोज पुसून काढायची शिस्त असेल तर वाट्या चालतात, माझ्या ओळखीत दोन ठिकाणी व्यवस्थित चालू आहेत. आमच्याकडे नाही चालल्या. त्यातून शेतीची लाईट, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळीचा आठवडा आला की हौद भरायला दोन वाजता उठायचं.

२०१९च्या मे महिन्यात आई भर दुपारी त्या ओल्या कोब्यावर घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. ती पडली तेव्हाही बादली तिच्या हातात होती. त्या रात्री अण्णा स्वतःहून म्हणाले, "सोड त्यांना."

जुन्या शेडला लागूनच तारेच्या जाळीचं आवार केलं, हजार लिटरची सिमेंटची टाकी बांधली, तिला वरच्या हौदातून पाइप आणि टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता कॉक. गाई सोडल्या त्या दिवशी मी दुपारी मुद्दाम थांबलो. सव्वा वाजता कडुनिंबाखाली बसलेली एक उठली, संथपणे टाकीवर गेली, मागोमाग तिघी. नाक पाण्याला लावून पीतच राहिल्या. मध्ये थांबून श्वास घेतला, पुन्हा प्याल्या, मग सावलीत येऊन रवंथ करत बसल्या. आई प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून पायरीवर बसून ते बघत होती. काही बोलली नाही, पण त्यानंतर "बांधून ठेव" असंही म्हणाली नाही.

दूध वाढलं का, हा पहिला प्रश्न असतो. आमचं वाढलं, पण नेमकं किती ते छातीठोक सांगणार नाही, कारण त्याच सुमाराला मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चाराही सुरू केला होता. पण दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. गाय तिला हवं तेव्हा प्यायला लागली की फरक पडणारच, असं मी धरून चालतो.

शेणाचा फायदा मात्र नक्की सांगतो. दावणीला बायकांची सकाळ पाट्या उचलण्यात जायची. मोकळ्या आवारात शेण तुडवलं जातं, उन्हात वाळतं, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदाच ट्रॉली लावून काढायचं. पाण्याची टाकी, गव्हाणीसमोरची पट्टी आणि धारेची जागा एवढंच रोज साफ करायचं. हे वाळलेलं भुरभुरीत खत द्राक्षवाले एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमाराला घरी येऊन नेतात. दहा गावरान कोंबड्या आवारात सोडल्या आहेत, त्या गोचीड वेचतात आणि मुलांना अंडी होतात.

माजाचंही, म्हणजे गाय फळायला तयार होते त्या वेळेचंही, तसंच. बांधलेली गाय माजावर आली तर ती हंबरली तर कळतं, मुकी असली तर चुकतं, आणि एक माज चुकला की पुढचे २१ दिवस ती फुकट खाते. मोकळ्या गाई एकमेकींवर उड्या मारून सांगतात. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आता हे माझी धाकटी मुलगीसुद्धा ओळखते.

मोकळ्या गोठ्याचे त्रास लपवत नाही. पहिला चिखल. त्याच वर्षी, २०१९च्या ऑक्टोबरात, अवकाळी पावसाने नाशिकच्या द्राक्षांचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. आमचं आवार काळ्या मातीवर होतं. गाई ढोपरापर्यंत चिखलात, कास बरबटलेली, आणि दोघींना कासदाह, म्हणजे कासेची सूज, झाला. एकीचा एक सड कायमचा गेला. चूक माझी. आधी उताराला मुरूम भरायला हवा होता, तो मी नंतर भरला, नऊ ट्रॉल्या. निफाडकडच्या काळ्या रानात हा खर्च आधीच धरा. आणि इगतपुरी, त्र्यंबककडे, जिथे पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, तिथे उघड्या आवाराचा विचार मी करणारच नाही. त्या पट्ट्यात डांगी गाय टिकते, तिच्या तेलकट कातडीवर पाऊस ठरत नाही. एचएफला ते झेपणारं नाही.

दुसरा त्रास दांडगाईचा. आमची बांडी गाय शिंगांची, ती बाकीच्यांना पेंडीजवळ येऊ द्यायची नाही. शेवटी पेंड खाईस्तोवर मान अडकून राहील असे पाइप गव्हाणीला बसवले. दिवसातून दोनदा अर्धा तास सगळ्या रांगेत उभ्या राहतात. धारा तेव्हाच, डॉक्टरही तेव्हाच. आता जन्मणाऱ्या कालवडींची शिंगं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डॉक्टरांकडून काढून घेतो. वसुबारसेचाही प्रश्न त्या पाइपांनी सोडवला. आई त्याच वेळेला ताट घेऊन येते. वासरू मात्र आम्हाला धरून आणावं लागतं, आणि ते काम मुलं आनंदाने करतात. एरवी लहान मुलांना आवारात एकटं सोडत नाही. माजावरची गाय उडी मारताना खाली कोण आहे ते बघत नाही.

तिसरा बिबट्या. दारणा-गोदाकाठच्या उसात तो राहतो, हे आपल्याकडे नवीन नाही. मोठ्या गाईंच्या घोळक्यात तो सहसा शिरत नाही असा आमचा अनुभव, पण वासरू सोडत नाही. जाळी उंच केली तरी त्याला चढता येतं. म्हणून वासरांची खोली वेगळी, घराच्या भिंतीला लागून, वरूनसुद्धा जाळीने बंद. संध्याकाळी सातनंतर वासरू बाहेर राहिलं नाही ना, हे बघायचं काम अण्णांचं. हा खर्च दावणीच्या गोठ्यातही करावा लागतो, पण तिथे भिंती आधीच असतात, इथे नव्याने उभ्या कराव्या लागतात.

दोन-तीनच गाई असतील, जागा घराच्या पुढच्या अंगणाएवढी असेल आणि घरात दिवसभर धडधाकट माणूस असेल, तर दावण ठेवा. तिच्यात काही कमी नाही. पाच-सहाच्या पुढे गेलात, माणसं घरचीच असली आणि त्यातलं एक जण साठीच्या पुढचं असलं, तर माझा कल कुठे आहे ते तुमच्या ध्यानात आलं असेलच. सगळं आवार एकदम करायलाही हवं असं नाही. आम्ही जुनी शेड तशीच ठेवली. आजारी गाय आणि विणारी गाय आजही तिथेच बांधतो.

मेव्हण्याने परवा फोन केला. बागेचा कडेचा पट्टा मोकळा केलाय, उतार उत्तरेकडे आहे, मुरमाची चौकशी चालू आहे. त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून दावणीच्याच बाजूने आहेत. मी त्याला म्हटलं, कुंपण नंतर घाल, आधी टाकी बांध. सावलीत बांध, नाहीतर मे महिन्यात पाणी तापतं आणि गाई तोंड लावत नाहीत. कडेला फूटभर कोबा दे म्हणजे चिखल होणार नाही. दर आठ-दहा दिवसांनी रिकामी करून आतून चुना मार, शेवाळ धरत नाही. आणि टाकी भरली की सासूबाईंना दुपारी एक वाजता तिथे खुर्ची टाकून बसव.